तिसरं

दंडाला पट्टा आवळून महानंदानं बोटानं शीर चाचपली, कापूस फिरवला, सुई तिरकी धरली आणि रोजच्या सवयीनं विचारलं, ‘नाव?’ ‘बानूबाई,’ समोरच्या खुर्चीतली बाई म्हणाली. तोंडाभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. उमरग्यात हमरस्त्याच्या धुळीपायी निम्म्या बायका अशाच हिंडतात, त्यात नवल काही नव्हतं. चिठ्ठीवरही बानूबाई बालाजी असंच लिहिलेलं, पाचवा महिना, गरोदर बाईच्या ठरलेल्या तपासण्या. सगळं जिथल्या तिथं होतं, तरी महानंदाचा हात थांबला. हा आवाज तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, तोही दोन-चार शब्दांपुरता, पण गेलं वर्षभर भांडी घासताना, एसटीत, झोपेच्या काठावर ते शब्द तिच्या कानात कुणी ना कुणी म्हणतच होतं. मीच बसते, साहेब. ‘कितवं?’ तिनं विचारलं. तपासणीला याची काही गरज नव्हती. ‘तिसरं,’ बाई म्हणाली, आणि लगेच, ‘न्हाई, दुसरं. दुसरं.’ स्कार्फच्या वरचे डोळे भिंतीकडे वळले. मग महानंदानं सुई घातली.

रक्त नळीत चढायला लागलं तशी ती बघत राहिली. बालाजीच्या बानूबाईला एकच पोरगा, हे महानंदाच्या गावात, सावळकोटात कुणालाही विचारा. दोन मुली होत्या त्या बालाजीच्या थोरल्या भावाला, लिंबाजीला. म्हणजे ही खुर्चीत बसलेली, दुसरीच्या नावानं दंड पुढं करून डोळे चुकवणारी बाई लिंबाजीची बायको वर्षाराणी होती, प्रभागाची नगरसेविका. सुई जरा खोल जाऊ दिली असती, जरा फिरवली असती, शीर फुटून दंड हिरवानिळा झाला असता, कुणी काही म्हटलं नसतं. ‘शीर बारीक होती’ म्हटलं की झालं. मनात हे सगळं येऊन गेलं आणि हात मात्र नेहमीसारखाच हलका चालला. त्या हाताचा तिला रागच आला. कापूस दाबून धरायला सांगून तिनं नळीवर नाव लिहिलं, जे सांगितलं गेलं तेच. ‘रिपोर्ट कवा मिळंल?’ दारातून वळून बाईनं विचारलं. ‘संध्याकाळी. कुणालाबी पाठवा.’ दोघींची नजर एकदा भिडली. ओळखलं का तिनं? ओळखलंच असणार. कलेक्टरच्या दालनात दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या, एवढ्या लवकर कोण विसरतं. पण बाई पायऱ्या उतरून गेली, आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत राहिला.

सावळकोटची नगरपंचायत म्हणजे पूर्वीची ग्रामपंचायतच. पाटी नवी, बाकी बाजीराव तेच. महानंदाचे वडील शरणप्पा यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या अंगावर कापड चढवलं, स्वतः मात्र एकाच बाबतीत चोखंदळ: पटका. पांढरा, मऊ, रोज सकाळी आरशापुढं उभं राहून बांधायचा, महानंदानं एक टोक धरायचं आणि ताणायचं. लहानपणी तिला वाटायचं अप्पांचं डोकंच तसं आहे. दुकान बंद केल्यावरही पटका सुटला नाही. घरामागच्या गटारीचं पाणी परसात शिरत होतं, अर्ज देऊन देऊन अप्पा थकले, म्हणून सभेच्या दिवशी ते स्वतः कचेरीत गेले. तिथं नगरसेविकेच्या खुर्चीवर नगरसेविकेचा नवरा मांडी घालून बसलेला. यातही नवल नव्हतं. गावात सगळे त्यालाच नगरसेवकसाहेब म्हणत, त्याच्या बायकोचा फोटो बॅनरवर असे तोही त्याच्या फोटोच्या खाली. पण अप्पा जुन्या वळणाचे. म्हणाले, ‘लिंबाजी, ती खुर्ची तुमची न्हवं. तुमच्या कारभारणीची हाय. तिला बोलवा, मी तिच्याशी बोलतो.’ लिंबाजी उठला. हसत हसत उठला, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. अप्पांच्या डोक्यावरचा पटका त्यानं अलगद उचलला, खुर्चीची बैठक पुसली, पाठ पुसली, हात पुसले, आणि तो गोळा म्हाताऱ्याच्या हातात देऊन म्हणाला, ‘घ्या. झाली सोच्छ. आता तुमीच बसा.’ आणि सभागृह हसलं.

अप्पा घरी आले ते बोडक्यानं, पटका पिशवीसारखा हातात धरून. जेवले. रेडिओ लावला. दुसऱ्या दिवशी महानंदा आरशापाशी टोक धरायला उभी राहिली तर म्हणाले, ‘राहू दे, नंदव्वा. उकडतंय.’ त्यानंतर त्यांना रोजच उकडत राहिलं. आधी बाजारात जाणं बंद झालं, मग देवळात, मग ओट्यावर बसणं. थंडी पडली तरी उकडत होतं. माघात गेले. लोक म्हणतात साखरेनं गेले. महानंदाला कुणी साखरेचं सांगू नये, त्यांची साखर तीच तपासत होती. गावातल्या बायका समाचाराला आल्या आणि ओसरीवर बसून एकमेकींत म्हणाल्या, ‘पोरगा असता तर लिंबाजीची छाती झाली असती का?’ आत चहा टाकताना तिनं ते ऐकलं. नवऱ्याकडून परत आलेली, चाळिशी गाठलेली, दुसऱ्यांचं रक्त काढून पोट भरणारी एकुलती एक लेक. ती घरात असून घरात कुणी नव्हतं. त्या बोलण्यानं तिला जे झालं ते पटक्यापेक्षा कमी नव्हतं, हे ती कधी कुणाला सांगणार नाही. लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना बसवून मूठमाती देताना कुणा भाऊबंदानं नवा पटका आणला होता, तो तिनं बांधू दिला नाही. म्हणाली, ‘असंच जाऊ द्या. त्या अपमानाचं उट्टं फेडल्याशिवाय त्यांच्या डोक्याला कुणी हात लावायचा न्हाई.’ बाईमाणूस असं कुठं बोलतं का, असं लोक नंतर म्हणाले.

नागाची शेपूट चेचली की तो डूख धरतो म्हणतात. महानंदानं डूख धरला, पण कायद्यानं. अप्पा असतानाच तिनं जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार केली होती: नगरसेविका आपलं पद नवऱ्याला वापरू देते, सभागृहात नागरिकाचा अपमान झाला, हे गैरवर्तन आहे, तिला पदावरून काढावं. अप्पा म्हणाले होते, ‘सोड, नंदव्वा.’ तिनं सोडलं नाही. तक्रार धाराशिवला गेली, धाराशिवहून चौकशीसाठी खाली आली, आणि खाली म्हणजे कुठं, तर सावळकोटच्याच मुख्याधिकाऱ्यांकडं. ज्या कचेरीत घडलं त्याच कचेरीनं आपल्यात काय घडलं ते शोधायचं. साक्षी झाल्या. शिपाई बिरू, जो त्या वेळी हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, त्यानं लिहून दिलं की आपण पाणी आणायला गेलो होतो. मग एकेका सदस्याला विचारलं तर तोही नेमका तेव्हा पाणी प्यायला गेलेला. असं सगळं सभागृह तहानेनं व्याकुळ होऊन बाहेर पडलेलं, आणि आत फक्त एक म्हातारा आणि एक रिकामी खुर्ची. मग हसलं कोण हे काही त्या चौकशीत निघालं नाही. बिरूला तिनं बाजारात गाठलं तर तो बिचारा कान धरून म्हणाला, ‘ताई, माजी नोकरी रोजंदारीची हाय. तुमच्या अप्पांनी माज्या लग्नात उधार कापड दिलंतं. मला काय कळत न्हाई व्हय?’ तिला त्याचा राग आला नाही. राग एका ठिकाणी साठवायचा तर उगाच वाटत फिरून चालत नाही.

मग धाराशिवला जिल्हाधिकाऱ्यांपुढं सुनावणी. लिंबाजी पांढरे कपडे घालून आलेला, मागं चारदोन कार्यकर्ते, आणि सगळ्यांच्या मागं पदर पुढं ओढलेली ही बाई. साहेबांनी लिंबाजीला विचारलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, मी नगरसेवक न्हाई. मी निस्ता नवरा हाय. नवऱ्यावर कारवाई करायचं कलम असंल तर करा.’ कारकूनसुद्धा तोंडावर फाईल धरून हसला. आणि खरंच तसं कलम नव्हतं. कायदा सदस्याला ओळखतो, सदस्याच्या नवऱ्याला ओळखत नाही; गाव नवऱ्याला ओळखतं, सदस्याला नाही. मग साहेबांनी वर्षाराणीला विचारलं, ‘सभागृहात तुमच्या खुर्चीवर कोण बसतं?’ महानंदा तिच्याकडं बघत होती. तिला वाटलं, बाईच ना ही, एकदा तरी खरं बोलेल, दोन मुलींची आई आहे, बाप हिलाही असेलच. पदरातून आवाज आला: ‘मीच बसते, साहेब.’ आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं? ‘तसं काय झालं न्हाई.’ महिन्याभरानं उत्तर आलं. सदस्याला काढून टाकणं हे वर सरकारच्या हातात, आणि तशी शिफारस वर पाठवण्याइतका पुरावा नाही. तथापि सदस्यांनी सभागृहाची प्रतिष्ठा राखावी अशी समज देण्यात येत आहे. समज! लिंबाजीनं चौकात फटाके वाजवले. फटाक्यांचा आवाज अप्पांच्या रिकाम्या ओट्यापर्यंत येत होता, आणि महानंदा आत ताटावर बसून त्या आवाजाबरोबर घास मोजून गिळत होती. लिंबाजीपेक्षाही त्या रात्री तिला त्या पदराची चीड आली. तो तर राक्षसच, पण ही कोण? हिला काय मिळालं?

आणि आता तीच बाई तिसऱ्यांदा पोटुशी, आणि पोट जावेच्या नावावर. महानंदानं नळ्या यंत्रात ठेवल्या आणि यंत्र फिरायला लागलं तसं तिचं डोकंही फिरायला लागलं. नगरसेवकाला दोनाच्या वर तिसरं मूल झालं की पद गेलं, हे सावळकोटात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला साक्षीदार लागत नाही, वर मुंबईला पाठवावं लागत नाही, कोण पाणी प्यायला गेलं होतं ते विचारावं लागत नाही. मूल झालं की झालं, जिल्हाधिकारी स्वतःच अपात्र ठरवतात. लिंबाजीला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? म्हणूनच हा खेळ. पद बायकोच्या नावावर, मूल भावजयीच्या नावावर, आणि बसणारा खुर्चीतही तोच, घरातही तोच. पण आत्ता ओरडून उपयोग नव्हता. आत्ता बोभाटा झाला तर तो त्या बाईला गाडीत घालून राज्याच्या सीमेपलीकडं नेईल आणि पोट रिकामं करून आणील, पद शाबूत. कच्चं फळ तोडून काय करायचं? पिकू द्यायला हवं. रिपोर्ट चांगला होता, रक्त जरा कमी. संध्याकाळी बालाजी येऊन घेऊन गेला. महानंदानं त्याला हसून सांगितलं, ‘बानूबाईंना गूळ-शेंगदाणे द्या खायला.’ तो म्हणाला, ‘व्हय, देतो की.’ आणि तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

पुढचे महिने ती जणू स्वतःच दिवस भरत होती. वर्षाराणी ‘आईला बरं न्हाई’ म्हणून माकणीला माहेरी गेली आणि तिथंच राहिली; सभांना तिची सही होत होती, कशी ते सहीलाच माहीत. बानूबाईही घराबाहेर दिसेनाशी झाली. गावाला सगळं कळत होतं. गावाला नेहमीच सगळं कळतं. बायका हौदावर एकमेकींकडं बघत आणि धुणं आपटत. जळकोटकडच्या कुणा देवऋष्यानं लिंबाजीला पोरगा म्हणून सांगितलंय, म्हणूनच त्यानं ठेवलंय, हेही कळलं. आणि हे कळलं तेव्हा महानंदाचा सगळा हिशोब कोसळला. पोरगा झाला तर? पोरगा झाला तर हा कशाला लपवील! पद गेलं तर गेलं म्हणेल, वंशाला दिवा आला, घोड्यावरून मिरवणूक काढील, पेढे वाटील, आणि त्या पेढ्यांतला एक तिच्याही दारात आणून ठेवील. लोक म्हणतील, पोरासाठी पदावर लाथ मारली, बाप असावा तर असा. महानंदानं पद घालवलं असं कुणी म्हणणारच नाही. त्याच्या अंगावर एक ओरखडासुद्धा उठणार नाही. रक्ताच्या नळ्या भरताना, लघवीच्या बाटल्यांवर नावं लिहिताना तिला हे सारखं डाचत राहिलं. सगळं त्या बाईच्या पोटातल्या एका गोष्टीवर अवलंबून होतं.

ती काही फार देवधर्म करणारी नव्हती. पण एका सोमवारी, कामावरून परतताना, महादेवाच्या देवळात पाय आपोआप वळले आणि हात जोडल्यावर ओठ आपोआप म्हणाले: मुलगी दे. तिचं तिलाच कसंतरी झालं. तिच्या जन्माच्या आधी तिच्या आईनं याच गाभाऱ्यात पोरासाठी नवस बोलला होता, आजीनं सोमवार धरले होते, आणि झाली ती. आई गेली तेव्हाही तिच्या उशाला कुठला तरी अंगारा होता. या गावात देवाकडं मुलगी मागायला आजवर कुणी आलं नसेल. देवालाही ऐकायची सवय नसेल. आणि ही मागत होती ती काही मायेनं नाही. लिंबाजीचं तोंड काळं व्हावं, त्यानं लपवावं, लपवताना सापडावं, जे अप्पांच्या घरात नाही म्हणून त्यानं हात उचलला ते त्याच्याही घरात कधी नसावं, म्हणून. एका न जन्मलेल्या जिवाला ती त्याच्या बापाच्या नरड्यावर ठेवायची सुरी म्हणून मागत होती. हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती पुढच्या सोमवारी गेली, त्याच्या पुढच्याही.

बातमी बिरूनं आणली. लॅबच्या पायरीशी सायकल लावून म्हणाला, ‘ताई, बालाजीच्या घरी बाळ आलं.’ ‘काय वाटलं रे? पेढे का बर्फी?’ बिरू खाली बघून म्हणाला, ‘काहीच वाटलं न्हाई.’ महानंदा आत गेली, मोरीचा नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं तर तिचा चेहरा हसत होता. देवानं ऐकलं होतं. मुलगी सीमेपलीकडच्या कुठल्या दवाखान्यात झाली, दाखल्यावर आई बानूबाई, बाप बालाजी, सगळं ठाकठीक. तिनं थोडे दिवस जाऊ दिले, वर्षाराणीला माहेराहून परत येऊ दिलं, आणि मग दुसरी तक्रार टाकली. नगरसेविकेला तिसरं मूल झालं आहे, ते तिनं जावेच्या नावावर दडवलं आहे, पाचव्या महिन्यात मी स्वतः तिचं रक्त काढलं आहे. लॅबच्या डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, ‘महानंदा, दवाखान्यातली गोष्ट बाहेर नेली तुम्ही. मी तुम्हाला ठेवू शकत नाही.’ ती म्हणाली, ‘बरोबर आहे तुमचं, सर.’ आणि खरंच त्यांचं बरोबर होतं. नोकरी गेली. गेली तर गेली.

या वेळच्या दालनात तीच टेबलं, तोच कारकून, साहेब मात्र बदललेले. लिंबाजी नेहमीसारखाच पांढराशुभ्र. त्याच्या वकिलानं दाखला पुढं केला, म्हणाला, तक्रारदार बाईंचा जुना राग आहे, एकदा तक्रार फेटाळली गेलीय, स्कार्फ बांधलेल्या बाईला ओळखलं म्हणतात. जुना राग आहे हे खरंच होतं. महानंदानं ‘हो’ म्हणून मान डोलावली तशी वकील जरा गडबडला. बाळ आणायला सांगितलं होतं, ते बानूबाईच्या मांडीवर टोपडं घालून झोपलेलं. महानंदानं पहिल्यांदाच ते बघितलं. एवढंसं, नाक बसकं, ओठ हलत होते. सोमवारामागून सोमवार जे मागितलं ते हे. तिनं नजर वळवली. साहेबांनी विचारलं, ‘मुलगी कोणाची?’ बानूबाई पढवल्यासारखी म्हणाली, ‘माजी.’ मग साहेब वर्षाराणीकडं वळले. ‘तुम्ही शपथेवर सांगा. ही मुलगी तुमची आहे का?’ महानंदाला पुढचं पाठ होतं. न्हाई, साहेब. तसं काय झालं न्हाई, साहेब. लिंबाजी तर बघतही नव्हता, फोनवर अंगठा फिरवत होता. वर्षाराणी चालत गेली, वाकली, बानूबाईच्या मांडीवरून मुलगी उचलली. बानूबाईनं हात घट्ट धरले नाहीत, उलट सैल सोडले, एवढं महानंदानं पाहिलं. ‘माजी हाय,’ वर्षाराणी म्हणाली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं वर घेतला नाही. ‘आणि मागल्या बारीला म्या खोटं बोलले, साहेब. त्या खुर्चीत म्या एक दिवस बसले न्हाई. म्हाताऱ्याचा पटका ह्यांनीच काढला. आल्यावर जेवताना हसून हसून सांगत हुते मला.’

‘ए, येडी झालीस का?’ लिंबाजी ओरडत पुढं आला. साहेबांनी मान वर केली. ‘आपण कोण?’ ‘मी... ह्यांचा नवरा.’ ‘नगरसेवक आहात?’ लिंबाजीनं मागं वळून बघितलं. ‘नाही ना? मग बाहेर थांबा.’ शिपायानं त्याच्या दंडाला धरलं, आणि सावळकोटचा नगरसेवकसाहेब, एरवी ज्याच्या पाठीमागं चारदोन कार्यकर्ते असत, दाराबाहेर गेला. कार्यकर्ते तिथं नव्हतेच, कदाचित पाणी प्यायला गेले असतील. महानंदाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. पायापासून डोक्यापर्यंत गरम काहीतरी चढलं, डोळ्यांत पाणी आलं, अप्पा हवे होते असं वाटलं, आणि अप्पा असते तर ‘बास झालं, नंदव्वा’ म्हणाले असते हेही वाटलं. लेखी निकाल यायचा तेव्हा येईल, पण दालनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो कळलेला होता. अंगणात लिंबाजीची जीप सुरू झाली. बालाजी बसला, बानूबाई मागं वळून बघत बसली, आणि दार आपटून जीप निघून गेली.

बसस्थानकात उमरग्याची गाडी लागायची होती. महानंदा बाकावर बसली, तर पलीकडच्या टोकाला वर्षाराणी येऊन बसली, मांडीवर मूल, हातात पिशवीसुद्धा नाही. महानंदाच्या मनात अजून आग होती आणि त्या आगीला बाहेर पडायला आता तोंड नव्हतं. हे त्या वेळी बोलली असतीस तर? त्या वेळी अप्पा गेलेलेच होते, तरीही. तुझ्या एका ‘मीच बसते’नं मी वर्षभर जेवले नाही. या बाईला माफ करायचं नाही, तिनं ठरवलं. मुलगी जागी होऊन कुरकुरायला लागली. ‘कुठं जाणार?’ महानंदानं विचारलं, कोरडेपणानं. ‘माकणीला. आणि कुठं? पोरींना उद्या भाऊ घेऊन यील.’ ‘ठेवून घेतील?’ ‘न्हाई ठेवलं तर बगू, अक्का.’ तिच्या आवाजात रडं नव्हतं. त्यानंच महानंदाला अजून राग आला. हिला वाईट वाटायला हवं होतं, उद्ध्वस्त व्हायला हवं होतं. हा महानंदाच्या हक्काचा वाटा होता आणि तो मिळत नव्हता. वर्षाराणी दुखावेल असं काहीतरी तिला बोलावंसं वाटलं, आणि तिच्याकडं तसं एकच होतं.

‘मुलगीच व्हावी म्हणून मी देवाला मागत होते,’ ती म्हणाली. ‘दर सोमवारी. तुमच्या भल्यासाठी न्हाई. तुमच्या नवऱ्याचं नाक कापलं जावं, त्याच्या घरात कधीच पोरगा पाळण्यात पडू नये, म्हणून.’

वर्षाराणीनं मुलीचं टोपडं सारखं केलं. मग पहिल्यांदाच तिनं महानंदाकडं सरळ बघितलं.

‘म्या बी,’ ती म्हणाली. ‘तिन्ही बारीला.’